कडू तळ्याची सभा

एका राज्यात डोंगराच्या कुशीत एक तळं होतं, आणि तळ्याच्या काठापासून वर वर चढत गेलेलं एक नगर होतं. सर्वांत वर राजवाडा, सर्वांत खाली रंगाऱ्यांची आळी. एके काळी त्या तळ्याचं पाणी इतकं गोड होतं, की परमुलखाचे वाटसरू वाट वाकडी करून ते प्यायला येत. पण राजा वीरसेनाच्या आजाने तळ्याच्या तळातून सोन्याच्या एकवीस घागरी उपसल्या आणि वाड्याच्या तळघरात कोंडल्या. घागरींचा राखणदार एक मांत्रिक होता. तो सभेत आला, घागरी परत मागू लागला. राजाने त्याला हसून वाटेला लावलं.

मांत्रिक दारात वळून म्हणाला, "पाणी कडू होईल. या सभेत जो तळ्याविषयी तीनदा खरं बोलेल आणि तिन्ही वेळा ज्याचं ऐकलं जाणार नाही, त्याचा आवाज पाखरू होऊन उडून जाईल. राजाच्या हातांनी घागरी तळ्यात जातील, तेव्हाच हे सुटेल."

तसंच झालं. वाड्याला डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी होतं, म्हणून वाड्याचं काही अडलं नाही. खालच्या आळ्या कडू पाणी पीत राहिल्या. तीन पिढ्यांत लोक घागरींची गोष्ट विसरले. प्रधानाच्या घराण्यात मात्र ती बापाकडून मुलाकडे जात राहिली.

त्या राज्याचा एक जुना कायदा होता. राजाला सल्ला द्यायला नगरातली तीन माणसं सभेत बसलीच पाहिजेत, आणि तीही स्वखुशीने आलेली, बिनपगारी. तीन आसनं भरल्याशिवाय राजाला सिंहासनावर बसता येत नसे. दर तीन वर्षांनी दवंडी पिटली जाई. कापडाचे एक व्यापारी आणि एक निवृत्त सरदार नेमाने पुढे येत, विडा घेत, मान डोलावत आणि घरी जात. तिसरं आसन भरायला फार यातायात पडे. त्यावर बसून जे बोलले ते मुके झाले, आणि वाड्याच्या बागेत एकेक बोलकं पाखरू वाढलं. राजा वीरसेन त्या पाखरांना स्वतःच्या हाताने डाळिंबाचे दाणे घाली आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवी.

रंगाऱ्यांच्या आळीत आवडाई नावाची बाई राहत होती. निळीच्या पिंपात हात घालून घालून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. तिची लेक केसर नऊ वर्षांची. कडू पाण्याने तिची हाडं मऊ पडत चालली होती. आधी पळायची थांबली, मग चालायची. आळीत अशी अकरा पोरं होती. दवंडी आली तेव्हा आवडाईने हात पुसले आणि निघाली.

नवरा भिवा म्हणाला, "तुला तिथं कोण विचारतंय?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "पण या म्हणून सांगितलंय, तर जाते."

पहिल्या सभेत तिने सांगितलं, की तळ्याचं पाणी कडू आहे आणि त्याने पोरं खचताहेत. प्रधान त्र्यंबकराय गोड बोलणारा गृहस्थ होता. त्याने तिचे आभार मानले आणि पुरावा मागितला. पाणी काठावरचं नको म्हणाला, मधोमध तळाचं हवं. आवडाई होडी घेऊन गेली. तळ्याच्या मधोमध तिने दोर बांधून कळशी सोडली, तर सात दोर संपले तरी तळ लागेना. तेव्हा एक म्हातारा मासा वर आला, कळशी तोंडात धरून खाली गेला आणि भरून घेऊन आला. दुसऱ्या सभेत तिने ती कळशी ठेवली. प्रधान म्हणाला, पाणी राजवैद्यांकडे तपासायला जाईल. तपासणीला किती दिवस लागतील ते राजवैद्यच ठरवतील. शिवाय पाणी कडू आहे हे कळलं, पण का, ते कुठे कळलं? राजाने मान हलवली. त्याचं लक्ष खिडकीबाहेरच्या पाखरांकडे होतं.

मग आवडाई डोंगरापलीकडे मांत्रिकाच्या गुहेत गेली. वाट चार दिवसांची होती. मांत्रिक इतका म्हातारा झाला होता, की त्याच्या दाढीत मुंग्यांनी वारूळ केलं होतं. त्याने घागरींची सगळी हकिगत सांगितली.

"शाप मागे घ्या," आवडाई म्हणाली.

"सुटलेला शाप माझ्या हातात राहिलेला नाही," तो म्हणाला. "तू दोनदा बोललीस. तिसऱ्यांदा बोललीस तर तुझा आवाज जाईल. घरी जा, बाई."

ती घरी गेली. केसरला मांडीवर घेऊन दिवसभर बसली. तिला येत होती तेवढी सगळी गाणी म्हणून दाखवली, आळीतल्या सगळ्यांच्या नकला केल्या. केसर हसून हसून दमली. दुसऱ्या दिवशी सभा होती.

वाड्यात शिरण्याआधी ती बागेत गेली. तिथे एक करड्या रंगाचं पाखरू होतं. ते अनंतभट पंतोजींचा आवाज होतं. पंतोजी वीस वर्षांपूर्वी तिसऱ्या आसनावर बसले होते. मुके होऊन मेले. आवडाईने विचारलं, साक्ष देशील का? पाखरू तिच्या मनगटावर येऊन बसलं.

सभेत तिने घागरींची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. पाखरू म्हणालं, "महाराज, घागरी परत टाका." वीस वर्षं ते रोज हेच म्हणत होतं.

राजा म्हणाला, "किती स्पष्ट बोलतं."

प्रधान म्हणाला, की मांत्रिक नगराचा रहिवासी नाही, सबब त्याचं म्हणणं दप्तरी घेता येत नाही. पाखराच्या साक्षीची कायद्यात तरतूद नाही. व्यापारी आणि सरदार यांनी माना डोलावल्या. आवडाईने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा त्यातून एक निळं पाखरू बाहेर पडलं आणि खिडकीतून बागेत गेलं. राजाला त्याचा रंग फार आवडला.

आसनाची मुदत तीन वर्षांची होती. मुक्या माणसाने येऊ नये असं कायद्यात कुठे लिहिलं नव्हतं. आवडाई दर महिन्याला येत राहिली. येताना तळ्याच्या पाण्याचा लोटा आणी, राजापुढे ठेवी आणि आपल्या जागेवर बसे. राजा लोट्याला हात लावत नसे. सेवक तो उचलून नेत.

दुसऱ्या वर्षी केसर गेली. शेवटच्या दिवशी तिने आईला गाणं म्हणायला सांगितलं. आवडाईने तिचे केस विंचरले. स्मशानात भिवाने लेकीच्या नावाने हंबरडा फोडला. आवडाईला तेवढंही करता आलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सभा होती. ती लोटा घेऊन गेली.

त्या दिवशी शेजारच्या राज्याचा वकील आला होता. लोटा पाहून त्याने विचारलं, हेच का ते नावाजलेलं गोड पाणी? प्रधान हो म्हणाला. पाहुण्यापुढे राजाला मागे सरता येईना. त्याने लोटा तोंडाला लावला.

"कडू आहे," राजा म्हणाला.

प्रधान हसला. महाराज थट्टा करतात, असं त्याने वकिलाला सांगितलं.

"कडू आहे," राजा पुन्हा म्हणाला. सभा अदबीने हसली.

राजा उठून उभा राहिला. "आम्ही सांगतो, हे पाणी कडू आहे." वकीलही हसला, आणि राजाच्या तोंडातून एक पांढरं पाखरू उडून गेलं.

आता राजा हातवारे करी आणि प्रधान त्यांचा अर्थ सांगे. राजाने तळघराकडे बोट दाखवलं. प्रधान म्हणाला, महाराज भोजनाची आज्ञा करताहेत. राजाने रागाने त्याच्या शालीची कड धरली, तर प्रधान म्हणाला, महाराजांनी आम्हाला शाल देऊ केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजाने चौफेर पाहिलं. एकटी आवडाई त्याच्याकडे बघत होती. मग राजा तळघरात उतरला आणि पहिली घागर खांद्यावर घेऊन बाहेर आला.

भर उन्हात तो तळ्यापर्यंतच्या तीनशे पायऱ्या एकवीस वेळा उतरला. खांदा सोलून निघाला. आवडाई प्रत्येक खेपेला बरोबर चालली, पण तिने घागरीला हात लावला नाही. राजाच्याच हातांनी त्या तळ्यात जायला हव्या होत्या. शेवटची घागर बुडाली तेव्हा तळ्याचा रंग बदलला, आणि काठावरच्या माणसांनी ओंजळीने पाणी पिऊन पाहिलं. ते गोड होतं. बागेतली पाखरं उडाली आणि ज्याच्या त्याच्या गळ्यात परतली. पंतोजींचं पाखरू त्यांच्या घरावर घिरट्या घालत राहिलं. तिथे आता दुसरी माणसं राहत होती. शेवटी ते कौलांवर टेकलं आणि तिथेच मेलं.

आळीतल्या उरलेल्या सात पोरांची हाडं हळूहळू बळावली. त्र्यंबकरायाचं पद गेलं. तो आपल्या गावी जाऊन सुखाने राहिला. नव्या दवंडीला तिसऱ्या आसनासाठी सतरा माणसं आली. पण राजाने आधी आवडाईलाच पुन्हा त्या आसनावर बोलावून घेतलं.

"आम्ही ऐकायला उशीर केला," तो म्हणाला.

"हो महाराज," आवडाई म्हणाली. "केलात."

राजा पुढच्या शब्दाची वाट पाहत थांबला. तिने तो दिला नाही. ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि रंगाऱ्यांच्या आळीत तुंबणाऱ्या नालीचा विषय काढला. त्या दिवशी सभा सूर्य मावळेपर्यंत चालली.