नाटेकरची अढी

“...म्हणजे मुदत ठेव की शेअर बाजार? एका शब्दात सांगा बुवा, मी निघतो.”

निघतो म्हणे! हे वाक्य मी त्याच्या तोंडून चौथ्यांदा ऐकत होतो. आधीच्या तिन्ही वेळा तो जेवून, झोपून, संध्याकाळचा चहा घेऊनच निघाला होता. चहा अर्थात मीच केला होता.

भार्गवबुवा पडवीत विळीवर कैऱ्या चिरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पराग नाटेकर रत्नागिरीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. वय बत्तीस. नोकरीत साठवलेले सहा लाख रुपये आठ महिने बचत खात्यात नुसते पडून होते, कारण साहेबांचं ठरत नव्हतं. त्याने एक तक्ता केला होता आणि तो लॅमिनेट करून आणला होता. आम्ही मठातली माणसं. आंब्याची बावीस कलमं सांभाळतो, दोन वेळा आरती करतो. आमच्यापुढे लॅमिनेट केलेला तक्ता!

“बँक सात टक्के देते,” तो तक्त्यावर बोट ठेवून म्हणाला. “त्यातले सहा महागाईच खाते.”

“मग घाल बाजारात.”

“आणि बाजार पडला तर?”

“मग ठेव बँकेत.”

“पण माझ्या मित्राचे तीन वर्षांत दुप्पट झाले!”

“मग घाल बाजारात.”

“बुवा, तुम्ही थट्टा करताय.”

“थट्टा तू करतोयस. डोकं उठवलंस माझं.” बुवांनी विळी आडवी केली. “पैसे लागणार कशाला आहेत तुला?”

“अडीच लाख आईच्या गुडघ्यांना. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलंय. जिना बसत बसत उतरते हो ती...” इथे त्याचा आवाज जरा खाली आला. “बाकीचे घरासाठी. ते काय, दहा-पंधरा वर्षांनी. पण मी म्हटलं, सगळेच बाजारात घालावेत. दिवाळीपर्यंत अडीचाचे चार झाले, तर आईला मोठ्या हॉस्पिटलात नेता येईल.”

“आणि अडीचाचे दीड झाले तर?”

नाटेकर तक्त्याकडे बघत राहिला. त्याला रकाने सतरा होते. हा नव्हता.

मग त्याने खिशातून फोन काढला आणि भाव बघितले. अजून एकही शेअर घेतलेला नव्हता गड्याने! पण भाव बघायचा, दिवसातून पन्नास वेळा. भाकरी मोडतानाही बघायचा. बाजार बंद झाल्यावरही बघायचा.

बुवा फोडी मिठात घालून कालवू लागले.

“इतक्या भरलेल्या कैऱ्या लोणच्यात कशाला घालताय?” नाटेकरला गप्प बसवत नाही. “पिकू दिल्या असत्या तर काय गोड झाल्या असत्या!”

“झाल्या असत्या.”

“मग?”

“गणपतीत पन्नास पानं बसतात इथे. त्या दिवशी पानात वाढायला हवं.”

बुवांनी फोडी बरणीत भरल्या, तोंडाला फडक्याचा दादरा करकचून बांधला, आणि बरणी फळीवर मागे सरकवली. मग हात धुताना म्हणाले, “सुट्टी चालू आहे ना तुझी? दहा दिवस राहा. आतल्या खोलीत अढी लावायची आहे. साठ फळं तुझी. पिकव.”

“एवढंच?”

“एवढंच.”

म्हणजे याचा चहा रोज मीच करायचा. दहा दिवस! पण बुवांपुढे बोलायची सोय नव्हती.

खोटं कशाला बोलू, अढी त्याने सुरेख लावली. खाली पेंढा, त्यावर आंबे, देठ सगळे एका दिशेला, वर पुन्हा पेंढा. शेजारच्या कोपऱ्यात माझी साठ फळं. एकाच झाडाची, एकाच दिवशी उतरवलेली.

तासाभराने बघतो तर नाटेकर उकिडवा बसून पेंढ्यात हात घालतोय.

“काय करताय?”

“बघतोय.”

एकेक आंबा वर काढायचा, अंगठ्याने दाबायचा, वहीत काहीतरी लिहायचं, परत आत. चहानंतर तेच. जेवणानंतर तेच. आरती चालू असताना हा मागच्या मागे सटकला, तेव्हा मात्र माझं टाळकंच सणकलं.

“अहो, ऊब जाते सारखा पेंढा उपसला की! आणि दाबू नका हो असं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सडका दिसला तर काढायचा, बाकी पेंढा ओढून घ्यायचा. संपलं.”

“माहिती असल्याशिवाय निर्णय कसा घेणार?” तो शांतपणे म्हणाला.

मी बुवांकडे गेलो. “त्याला तुम्ही तरी सांगा. फळांची वाट लावतोय तो.”

“असू दे.”

या ‘असू दे’चा मला भयंकर राग येतो. अकरा वर्षं ऐकतोय, अजून येतो.

दहाव्या दिवशी सकाळी बुवांनी दोन्ही अढ्या उघडायला लावल्या.

माझ्या कोपऱ्यातून घमघमाट सुटला. सात फळं सडून गेली होती, ती मी आधीच काढून टाकली होती. उरलेली त्रेपन्न केशरी झाली होती.

नाटेकरच्या पेंढ्याखाली काही आंबे पिचले होते, काही पिकायच्या आधीच सुरकुतले होते. आणि सगळ्यांवर काळे डाग.

“फळंच खराब होती,” नाटेकर म्हणाला. “माझ्या वाट्याला खराब माल आला.”

“एकाच झाडाची आहेत हो!” मी ओरडलोच. “या हातांनी उतरवलीत मी!”

बुवांनी हात वर केला.

त्यांनी नाटेकरच्या अढीतला एक आंबा उचलला. नाटेकरचा उजवा हात धरला आणि त्याचा अंगठा त्या काळ्या डागावर टेकवला.

बरोब्बर बसला.

दुसरा आंबा. बसला.

तिसरा...

चौथ्याला नाटेकरने हात ओढून घेतला.

मग तो भिंतीला टेकून खालीच बसला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“आईचे अडीच लाख मुदत ठेवीत ठेवतो,” तो म्हणाला. “उद्याच. दिवाळीला हातात येतील अशा बेताने.”

“हं.”

“तिच्या ऑपरेशनच्या पैशांवर मी दिवसातून पन्नास वेळा हाच अंगठा...” डोळे भरून आले होते.

मला पहिल्यांदाच त्याची दया आली. माझ्या अढीतला चांगला मोठा आंबा निवडून मी त्याच्या हातात ठेवला. त्याने तो तिथेच बसून चोखून खाल्ला. कोपरापर्यंत ओघळ आले. मला वाटलं, सुटलो एकदाचे. हा आता खरंच निघणार.

कोय पेंढ्यावर ठेवून त्याने बुवांकडे पाहिलं.

“आणि उरलेले साडेतीन, बुवा? ते तरी सांगा. ते कुठे ठेवू?”

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नुसतं टुंग. नाटेकरचा हात आपोआप खिशाकडे गेला... फोन बाहेर आला... आमरसाने बरबटलेला अंगठा काचेवर फिरू लागला.

बुवांनी कपाळावर हात मारून घेतला.

“साडेतीन लाख राहू देत रे बाबा! हा अंगठा कुठे ठेवणार आहेस, ते आधी सांग.”