टिटवी उठली नाही

फार वर्षांपूर्वी माळावरची एक जागा टिटवीची की म्हशीची, हा दावा ऐकायला हत्ती न्यायाधीश स्वतः माळावर आले. ते येताच सगळे उठले. टिटवी मात्र बसूनच राहिली.

"ए बाई, ऊठ! न उठणाऱ्याचा दावा बाद होतो," पट्टेवाला बगळा ओरडला.

टिटवीने पंख अजूनच खाली दाबले. "दादा, उठले तर माझं अंडं गार पडेल हो."

"अंडं कसलं, माज आहे नुसता!" म्हैस डाफरली.

न्यायाधीश बसले. मग सगळे बसले. इतक्यात टिटवीच्या पोटाखाली टकटक झालं, कवच फुटलं आणि ओलं पिल्लू लटपटत उभं राहिलं.

हत्ती हसत हसत उठले. "अरे, बसलात काय? जागेचा मालक आलाय, उभे राहा!"

सगळ्यांबरोबर म्हैसही शेपटी हलवत उठली.