तुळसाक्काच्या सात माळा

वाकळनाथ महाराज त्या वर्षी कासारनांद्याच्या महादेव मंदिरात उतरले होते. अंगावर ठिगळांची वाकळ आणि हातात कमंडलू, एवढाच त्यांचा प्रपंच. सज्जनहो, याच गावात एका गरीब बाईने महाराजांच्या साक्षीने जे केले, ते सांगताना आजही छाती फुगते.

कासारनांद्यात बंधाऱ्याचे पाणी पाळीने मिळे. देवळात पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडीत. तिच्या बुडाला बारीक भोक असे. भोकातून पाणी चढून वाटी बुडाली, की एकाची पाळी संपे आणि पाटाचे दार दुसऱ्याच्या शेताकडे वळे. वाटीवर लक्ष ठेवण्याचे काम तुळसाक्का गुरवीण करी. नवरा गेलेला, पोट देवळाच्या सेवेवर, आणि तोंडात अखंड रामनाम.

हैबतराव देशमुखांच्या पाळीला मात्र मान होता. ते स्वतः वाटीची पूजा करीत, तिला आतबाहेर गंधाचा लेप देत आणि मगच पाण्यात सोडीत. पूजलेल्या वाटीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. लावणार तरी कोण? वाटीचा देव झालेला! दिवेलागणीला पाट बंद होई, तोवर शेवटच्या पाटावरच्यांच्या वाट्याला ओलसुद्धा उरत नसे. त्यांचा गहू ऐन ओंब्या धरायच्या वेळी पिवळा पडू लागला होता.

एके दिवशी तुळसाक्का महाराजांपुढे येऊन रडू लागली. "महाराज, माझा जप बिघडला. दुसऱ्यांची वाटी बुडंपर्यंत माझ्या चार माळा व्हत्यात, अन् देशमुखांच्या वाटीला सात. आधी वाटलं, माझंच चुकतंय. पन तीन पाळ्या झाल्या, सातच!"

"मग गावाला सांगितलंस?"

"कसं सांगू? सेवा जाईल माझी. खाऊ काय?"

महाराज हसले. म्हणाले, "अगं, देवाचं नाव घेणारं तोंड खरं बोलायला का लाजतं? तू बोल. आम्ही इथंच बसलो आहोत."

दुसऱ्याच दिवशी देशमुखांची पाळी होती. त्यांनी वाटी सोडली आणि तुळसाक्का उभी राहिली. तिचा आवाज पार दीपमाळेपर्यंत गेला. "देशमुख, तुमच्या गंधानं भोक बुजतंय. शेवटच्या पाटाचं पाणी तुमच्या शेतात मुरतंय!"

शाबास गं माउली! ज्या देशमुखांपुढे भले भले पागोटेवाले मान वर करीत नसत, त्यांना ती तोंडावर बोलली.

देशमुख खदखदा हसले. "म्हातारे, देवाचं नाव घेतेस का देवाला मापतेस? उद्या सकाळी गावादेखत वाटी सोडू. तू ओढ माळ. सात व्हायच्या आत वाटी बुडाली, तर गाव सोडून जायचं. हाय कबूल?"

"कबूल," तुळसाक्का म्हणाली.

देशमुख कच्च्या गुरूचे चेले नव्हते. वाटी पूजेची म्हणून घरी नेली आणि दाभणाने भोक स्वच्छ कोरून काढले. सकाळी गंध लावले ते नुसते काठाला. आता वाटी चार माळांत बुडणार आणि बाई देशोधडीला लागणार, हे ठरल्यासारखेच होते.

सारे गाव जमले. महाराज खांबाला टेकून बसले होते. तुळसाक्काने डोळे मिटून माळ हाती घेतली. चौथी माळ संपली, वाटी तरंगतच होती. पाचवी झाली, सहावी झाली. वाटीत पाण्याचा थेंब चढेना. सातवीही पुरी झाली. लोकांना त्यात नवल वाटले नाही, कारण बाई सांगत होती तसेच घडत होते. नवल कळले ते एकट्या देशमुखांना! त्यांच्या कपाळावर घाम डवरला. आठवी, नववी, दहावी... अकराव्या माळेला ते ताडकन उठले.

"हे व्हायचं न्हाई! अरे, काल मी सवता दाभणानं भोक मोकळं केलंय! गंधाचा कण ठेवला न्हाई!"

त्याच क्षणी वाटी डुबकन बुडाली.

 शेवटच्या पाटावरचा एक म्हातारा हळूच बोलला, "काल मोकळं केलं, म्हंजी आदी बुजलेलं व्हतं म्हना की."

देशमुखांनी पागोटे उतरवून महाराजांच्या पायांवर ठेवले. "महाराज, चुकलो! तुमचा चमत्कार कळला न्हाई मला."

महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "वाटीत पाणी अडवायला देवाला कितीसे कष्ट? अवघड काम हिनं केलं. पोटाची सेवा पणाला लावून भर सभेत खरं बोलली. पाय धरायचे तर तिचे धर."

हैबतराव देशमुख गुरविणीच्या पायांशी वाकले. एरवी त्यांची सावली दिसताच भिंतीआड होणारी तुळसाक्का त्या दिवशी ताठ उभी होती.

"उठा देशमुख," ती म्हणाली. "पाया पडन्यात दिवस घालवू नगा. जा, शेवटच्या पाटाचं दार उघडा."

आणि देशमुख खांद्यावर फावडे टाकून, अनवाणीच, बांधाकडे निघाले.