वेळशेतच्या गाडीची ओटी

वेळशेत स्टेशनच्या फलाटाला एकच छप्पर आहे आणि त्या छपराला एक गोल भोक आहे. भोकातून नारळाचं झाड वर गेलं आहे. नवखा माणूस उतरला की आधी झाडाकडे बघतो आणि मग रेल्वेला हसतो. हसू नये. छप्पर घालायला आलेल्या मुकादमाला गावानं या झाडाची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यानं मुकाट्यानं पत्रा कापला म्हणे. बसा त्या बाकावर. ही शाखेवरची गाडी आहे, ती काही लगेच येत नाही.

असं सांगतात की त्या काळी इथं स्टेशनच नव्हतं. आज इमारती दिसतात तिथं भातशेतं होती, पलीकडे गोड्या पाण्याचं तळं, आणि मधून एकेरी रूळ. डोंगरातल्या खाणीतला दगड या रुळावरून जंक्शनला जायचा. गाडीच्या शेपटीला खाणीच्या मजुरांसाठी एक डबा असे. गाडी वेळशेतच्या नाकासमोरून जायची, पण थांबायची नाही. गावाच्या वाट्याला यायचा तो फक्त धूर.

रुळाच्या कडेला चांगीबाय राहायची. नवरा खाडीत गेला तेव्हा तिची येसू अजून अंगावर पीत होती. बाई कामाला वाघ आणि तोंडानं फटकळ. लावणीला प्रत्येकाला ती हवी असायची, हळदीकुंकवाला कुणालाच नको. विधवेनं कुणाची ओटी भरू नये, हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. लोकांनी सूप बाजूला ओढून दाखवून दिलं होतं. येसू सासरी निघाली तेव्हासुद्धा तिची ओटी शेजारणीनं भरली आणि आई चुलीपाशी उभी राहिली. ते तिला कुसळासारखं सलत राहिलं. बोलली मात्र नाही. बोलायच्या बाबतीत एवढी एकच काटकसर तिनं आयुष्यात केली.

येसूला दिली होती करंजघरला, खाणीच्या पायथ्याशी. त्या वर्षी तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीतच. पण मधे डोंगर, आणि डोंगर उतरला की खाडीचा चिखल. सासूनं निरोप धाडला, की गाडी तुमच्या गावात थांबत असती तर आनंदानं पाठवली असती. पोटुशी पोर पायी नाही पाठवणार. चांगीबायला विहिणीचा राग आला नाही, कारण तिचं खरंच होतं. राग आला तो गाडीचा. करंजघरहून रोज येते, माझ्या दारावरून जाते आणि माझी लेक आणत नाही म्हणजे काय?

खंडेनवमीला खाणीतल्या मजुरांनी इंजिनाची पूजा केली. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडू, वर आंब्याचे टहाळे. असं नटलेलं इंजिन दुपारी वेळशेतची चढण धापा टाकत चढत होतं, आणि समोर रुळांच्या मधोमध सूप घेऊन चांगीबाय उभी! सुपात तांदूळ, नारळ आणि खण.

इंजिन चालवायचा वसईकडचा इनास. त्यानं कचकन ब्रेक लावला आणि खाली उडी टाकली. "बाय, मरायला दुसरी जागा नाय मिळाली?"

"मराला कशाला? सवाशीन नटून माजे दारावरशी चाललीय. तिची वटी भरल्याबिगर कशी जाऊ दिऊ?"

"अगो, हे इंजिन हाय. लोखंड!"

चांगीबायनं सूप पुढं केलं. मग म्हणाली, "लोखंड हाय तं बरंच हाय. लोखंडाला माजा हात चालंल."

इनासनं तिच्या कपाळाकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं, आणि त्याला जे कळायचं ते कळलं. शिव्या देणार होता, त्या गिळल्या. तांदूळ सांडू नयेत म्हणून डोक्यावरची टोपी काढून त्यानं इंजिनासमोर धरली. आयुष्यात पहिल्यांदाच चांगीबायनं कुणाची तरी ओटी भरली.

ओटी घेतली म्हणजे गाडी लेक झाली आणि लेकीनं माहेरी थांबायचं असतं, हे तिनं त्याला तिथल्या तिथं ऐकवलं. शिवाय येताना थोरल्या बहिणीला, येसूला, घेऊन यायचं. इनासनं कपाळाला हात लावला. म्हणाला, वाटेत गाडी थांबवता येते ती फक्त पाण्याला. खाणीतलं पाणी इंजिनाला बाधतं, म्हणून जंक्शनवरच जाण्यायेण्याची टाकी भरून घ्यावी लागते, मग वाटेत थांबायला निमित्तच उरत नाही.

"मंग अर्धीच भर," चांगीबाय म्हणाली. "बाकीचं मी देतंय."

सांगायला सोपं आहे. पण अर्ध्या टाकीनं निघायचं आणि वेळशेतला पाणी नाही मिळालं, तर आग विझवून रुळावर बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नोकरीला मुकायचं. इनासला चार तोंडं खाणारी होती. तरी तो हो म्हणाला. का म्हणाला, ते कुणी सांगत नाही. टोपीतल्या तांदळांनी त्याला बांधलं, असं आमचे म्हातारे म्हणायचे.

तुळशीचं लग्न उरकलं आणि येसूला आणायचा दिवस ठरला. चांगीबाय घरोघर गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "उद्या माजी पोर येतंय. तिचे गारीला पानी पाजाचं हाय. हंडा घेऊन या." हसल्या पुष्कळ. पण माहेरवाशिणीच्या नावानं बोलावणं आलं की आगरी बाई घरात बसत नाही. दुसऱ्या दिवशी तळ्यापासून रुळापर्यंत बायांची रांग लागली. हंडा, कळशी, घागर, ज्याच्या घरात जे होतं ते.

गाडी आली, थांबली, आणि मग सगळ्यांना टाकीचं पोट दिसलं. हंड्यामागून हंडा रिकामा होत होता आणि टाकीला ढेकर म्हणून येईना. बायांचे खांदे भरून आले. बांधावर पुरुषमंडळी विड्या ओढत मजा बघत होती. इनासनं एकदा टाकीत वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. मग कोट काढला, कोळशाची बादली धुतली आणि तो स्वतः रांगेत शिरला. परक्या गावचा माणूस आपल्या तळ्याचं पाणी वाहतोय म्हटल्यावर बांधावरच्यांना लाज वाटली. विड्या विझल्या. पुढं टाकी भरायला वेळ लागला नाही.

टाकी ओसंडली तसा एकच गलका झाला. मजुरांच्या डब्यातून येसू जपून खाली उतरली. म्हाताऱ्या दगडीबायनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, सवाष्णी तिची ओटी भरायला पुढं सरल्या, आणि सवयीनं चांगीबाय मागं झाली. इतकी मागं, की इंजिनाच्या चाकाआड गेली.

येसूनं पदर पसरला नाही. "पयली माजी आयस," ती म्हणाली.

दगडीबाय हळूच म्हणाली, "पोरी, तुझे पोटात जीव हाय. रांडेचा हात बरा नाय."

"त्या हातानं हिची वटी भरली," येसूनं इंजिनावर हात ठेवला, "न हिनं मना न माजे पोराला सुखरूप आनलं. हिला जो हात लागला, तो मना कसा बाधंल?"

गाडी तर समोर उभी होती, सगळ्यांनी पाजलेलं पाणी पोटात घेऊन. दगडीबायनं आपल्या हातातलं सूप बघितलं, आणि तेच नेऊन चांगीबायच्या हातात दिलं. चांगीबाय आधी रडली, मग पुढं झाली. इनासनं पहिल्या ओटीचा नारळ फोडला नव्हता, इंजिनातच जपून ठेवला होता. तो त्यानं तिच्या सुपात ठेवला. तेव्हा आईनं लेकीची ओटी भरली, दिवसाढवळ्या, गावादेखत.

येसूला मुलगी झाली. ओटीचा नारळ चांगीबायनं गाडी थांबली होती तिथं लावला. पाण्यासाठी गाडी थांबतच राहिली, थांबते म्हणून माणसं चढू लागली, आणि माणसं चढतात म्हणून पुढं फलाट झाला. सरकारी दप्तरात या स्टेशनचं कारण दुसरंच काही असेल. असू दे.

आता विजेची गाडी आहे, तिला तळ्याच्या पाण्याची गरज नाही. पण आजही खंडेनवमीला बाया त्या झाडाखाली जमतात. मोटरमनला गूळपाणी मिळतं, तो खाली उतरून रुमाल पसरतो, आणि गाडीची पहिली ओटी भरते ती गावातली विधवा. सवाष्णी तिच्यामागून. गाडीला उशीर होतो आणि त्या दिवशी कुणी कुरकुरत नाही.

मागच्या वर्षी समोरच्या नव्या इमारतीतली एक बाई आली होती. कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. खांबाआड उभी राहून लांबूनच बघत होती. येसूची नात आता स्वतः म्हातारी आहे, तिचंही कपाळ मोकळं; पहिल्या ओटीचं सूप घेऊन पुढं तीच होती. तिनं रांग सोडली, खांबापाशी गेली आणि आपलं सूप त्या बाईच्या हातात दिलं.

"ये गो," म्हणाली, "लोखंडाला चालतंय."