पळण्याचा तास

एक होते माळरान. तिथे हरणे राहत आणि लांडगा राज्य करी. त्याला हरणांनीच निवडून दिले होते. माळाचा इतका अनुभव दुसऱ्या कुठल्याच उमेदवाराला नव्हता.

माळावर पाडसांची शाळा होती. तिथे खरा विषय एकच, पळणे. पावसाळ्यानंतर गवत उंच असते, पाडसे त्यात दडून राहतात. होळीपर्यंत गवत वाळून झडते. तोवर ज्याला पळता आले नाही, त्याचे नाव हजेरीपटावरून आपोआप कमी होई.

पळणे शिकवणारे कुरंगे मास्तर हे म्हातारे काळवीट. तासाचा निम्मा वेळ सूचना देण्यातच जातो, हे त्यांना खुपत होते. त्यांनी सरकारला सुचवले, "वळायचे कसे, झेप कुठे घ्यायची, हे पाडसांनी आदल्या दिवशी घरीच मोबाइलवर पाहावे. म्हणजे मैदानावर पूर्ण तास पळता येईल."

शिक्षणमंत्री तरसाला योजना फार आवडली. त्याने तिचा पहिला निम्मा भाग मंजूर केला.

"साहेब, आणि मैदान?"

"दुसऱ्या टप्प्यात बघू, मास्तर. घरी शिकून झाल्यावर मैदान हवंय कशाला? तूर्त तिथं महाराज ऊन खात पडतील."

घरोघर मोबाइल वाटले गेले. सुरू केला की आधी महाराज दिसत. "माझ्या लाडक्या पाडसांनो, पळा! मी तुमच्या पाठीशी आहे!"

रोज पाच हजार पावलांची नोंद सक्तीची झाली. नोंद नाही, तर कुरण बंद. पाडसे तर बसून व्हिडिओ बघत होती. शेवटी चंदी नावाच्या पाडसाच्या आईने मोबाइल म्हशीच्या शेपटीला बांधला. म्हैस दिवसभर माश्या हाकलत राहिली. संध्याकाळी चंदीच्या नावावर अकरा हजार पावले लागली. आठवड्याभरात प्रत्येक म्हशीच्या शेपटीला सात-आठ मोबाइल लोंबू लागले आणि पळण्यात सगळ्या माळांत हे माळरान पहिले आणि माळावर चंदी पहिली आल्याचे जाहीर झाले.

"चंदीच्या आई, गवत वाळत चाललंय," मास्तर म्हणाले. "पोरीला जरा पळू द्या."

"काय मास्तर! पोरगी पहिली आलीय. तुमच्या हाताखाली कधी आली होती का?"

मास्तरांनी चार पाडसे ओढ्याकाठी नेऊन खरोखर पळवली. मोबाइल घरी राहिल्यामुळे चौघांची नोंद शून्य लागली. पाडसे नापास झाली, मास्तर निलंबित.

होळीच्या आधी गवत गेले. गुणवंतांचा सत्कार महाराजांच्या हस्ते मैदानावर ठरला. पहिले नाव चंदीचे.

"पळून दाखव, बाळ," महाराज प्रेमाने म्हणाले.

चंदीने व्हिडिओ पुढे ढकलावा तसा खूर हवेत सरकवून पाहिला. काहीच पुढे गेले नाही. मग ती धावली आणि बाराव्या पावलाला अडखळली. सत्कार तिथेच आटोपला.

दुसऱ्या दिवशी तिची आई मंत्र्यासमोर उभी राहिली. "साहेब, माझी पोर गेली."

तरसाने मोबाइल पाहिला. "गेली कशी? काल बारा हजार पावलं. आजही चालूच आहेत."

"ती म्हैस आहे, साहेब."

"म्हणजे खोटी नोंद केलीत? बाई, हा गुन्हा आहे. तुम्ही दुःखात आहात, म्हणून सोडतो. जा."

ती गेली. दूरदूरच्या माळांवरून शिष्टमंडळे हा प्रयोग पाहायला येऊ लागली. त्यांच्यात गवत खाणारे कुणी नव्हते.