टिटवी आणि कोऱ्या लाल टोप्या

एक होती टिटवी. पाय पिवळे, चोच लाल, आवाज हा एवढा मोठा. टिटिव् टिटिव्! टिटवी काही घरटं बांधत नाही. हमरस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता. त्याच्या पायथ्याशी तिनं चार अंडी घातली. खडीच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. बघणाऱ्याला वाटावं, दगडच पडलेत.

रस्त्याचं काम चाललं होतं. अर्धा रस्ता खणलेला. हा मोठा खड्डा! आणि खड्ड्याच्या अलीकडे वळण. वळणावर पाटी नाही, दोरी नाही, माणूस नाही.

घर्रर्र... झूऽऽम! ट्रक आला. वळणावर वळला. खड्डा दिसला. ट्रक खडीत घुसला.

फट्!

चाराची तीन झाली.

टिटवी खूप रडली. मग म्हणाली, "रडून ही तीन वाचायची नाहीत." आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

ट्रक पुढं चहाच्या टपरीवर थांबला होता. ट्रकवाले शिरपतदादा बशीत चहा ओतून पीत होते.

"शिरपतदादा, शिरपतदादा, ट्रक हळू करा.
माझी अंडी वाचेनात!"

फुर्रर्र! शिरपतदादांनी चहा ओढला. "अगं बाई, वळणापलीकडं खड्डा आहे, हे मला काय स्वप्नात दिसणार? मागं असाच एक खड्डा आला, तर मी थेट कुणाच्या तरी खुराड्यात! अंगभर कोंबड्यांची पिसं. झेंडा हलला तर ट्रक हळू करीन. नाहीतर नाही."

टिटवी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

झेंडा दाखवायचं काम भीमण्णांचं. पण भीमण्णा बसले होते बाभळीखाली. पायाला पांढरं बँडेज.

"भीमण्णा, भीमण्णा, झेंडा हलवा.
ट्रक हळू होईना,
माझी अंडी वाचेनात!"

"हा पाय बघितलास? सोमवारी वळणावर उभा होतो. ट्रक घासून गेला. आता पाय नाही, अख्खा मीच जाईन. घरी माझी पण दोन पिल्लं आहेत, बाई. माझ्यापुढं लाल टोप्या लागल्या तर झेंडा हलवीन. नाहीतर नाही."

लाल टोप्या म्हणजे काय, ठाऊक आहे ना? रस्त्यावर ओळीनं ठेवतात त्या. उंच, टोकदार. लांबून दिसतात. गाडीवाल्याला कळतं, इथं माणसं काम करतायत.

टिटवी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

टोप्या होत्या टेम्पोत. एकीवर एक, एकीवर एक. वर प्लास्टिक. प्लास्टिकवर दोरी. दोरीला गच्च गाठ.

"टोप्यांनो, टोप्यांनो, रस्त्यावर लागा.
झेंडा हलेना,
ट्रक हळू होईना,
माझी अंडी वाचेनात!"

टोप्या आतून ओरडल्या, "आम्हाला काय इथं उकडत बसायची हौस आहे? दोरी सुटली तर लागू. नाहीतर नाही."

टिटवी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

टेम्पोवाले इसाकमामा पुढच्या सीटवर पाय पसरून बसले होते.

"इसाकमामा, इसाकमामा, दोरी सोडा.
टोप्या लागेनात,
झेंडा हलेना,
ट्रक हळू होईना,
माझी अंडी वाचेनात!"

"लगेच सोडली असती गं. पण एकदा न विचारता सोडली, तर चार दिवस बोलणी खाल्ली. जेवण कमी, बोलणी जास्त! मुकादम बोलला तर सोडीन. नाहीतर नाही."

तेवढ्यात मागं आवाज झाला. घर्रर्र... झूऽऽम!

फट्!

टिटवी धावत गेली. तिनाची दोन झाली होती.

या वेळी ती रडली नाही. रडायला वेळच नव्हता. तुरुतुरु तुरुतुरु.

कामावरच्या सगळ्यांवर देखरेख रोकडे मुकादमांची. डोक्यावर छत्री, हातात वही.

"मुकादम, मुकादम, तोंड उघडा.
दोरी सुटेना,
टोप्या लागेनात,
झेंडा हलेना,
ट्रक हळू होईना,
माझी अंडी वाचेनात!"

"ए, ओरडू नकोस! टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होतं."

"वाईट होऊन गेलंय, मुकादम. दोनदा. म्हणून तर ओरडतेय."

मुकादम खोकले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "हे बघ, टोप्या नव्याकोऱ्या आहेत. लावल्या की धुळीनं मळतात. साहेब बघायला उतरतील तेव्हा कशा चकचकीत दिसल्या पाहिजेत! साहेब उतरले तर बोलेन. नाहीतर नाही."

टिटवी उडाली. भर्रर्र!

साहेबांची गाडी येतच होती. पांढरी गाडी, काळ्या काचा. दर गुरुवारी यायची. साहेब काचेतून बघायचे आणि जायचे. टिटवी गाडीबरोबर उडत राहिली. काचेवर चोच मारली. टक टक टक.

"साहेब, साहेब, खाली उतरा.
मुकादम बोलेना,
दोरी सुटेना,
टोप्या लागेनात,
झेंडा हलेना,
ट्रक हळू होईना,
माझी अंडी वाचेनात!"

काच बोटभर खाली आली. आतून गार वारा आला. "बाहेर ऊन आहे. धूळ आहे. रस्ता मोकळा आहे, मग कशाला उतरू? रस्ता अडला तर उतरेन. नाहीतर नाही."

काच वर गेली. सुंऽऽ.

टिटवी पुढं उडाली. वळणावर उतरली.

"रस्त्या, रस्त्या, अड.
साहेब उतरेनात,
मुकादम बोलेना,
दोरी सुटेना,
टोप्या लागेनात,
झेंडा हलेना,
ट्रक हळू होईना,
माझी अंडी वाचेनात!"

रस्ता म्हणाला, "मी नुसता पडलेला. मी कुणाला अडवणार? माझ्यावर कुणी पडलं तरच मी अडतो. नाहीतर नाही."

टिटवीनं इकडं बघितलं. कुणी नाही. तिकडं बघितलं. कुणी नाही.

मग टिटवीच रस्त्यात पडली.

एक पंख पसरला. मान टाकली. अंड्यांकडं कुत्रा आला की टिटवी असंच सोंग करते. म्हणजे कुत्रा अंडी सोडून तिच्याच मागं लागतो. पण कुत्रा वेगळा आणि गाडी वेगळी. टिटवीचं काळीज धडधड धडधड. तरी ती हलली नाही.

चर्रर्र! गाडी थांबली. चाक चोचीपासून वीतभर. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पाखरू पडलंय."

साहेब उतरले.

आणि मागून आला शिरपतदादांचा ट्रक, दुसरी खेप घेऊन! घर्रर्र... वळणावर झेंडा नाही, टोप्या नाहीत. ड्रायव्हरनं बाहेर उडी मारली. साहेबांनी खड्ड्यात उडी मारली. टिटवी भर्रर्र उडाली. शिरपतदादांनी ब्रेक दाबला. चर्रर्रर्र...

धडाम!

पांढरी गाडी भाकरीसारखी चपटी झाली.

सगळे जिवंत होते. साहेब गुडघाभर चिखलात उभे. शिरपतदादा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते.

मग साहेब म्हणाले, "टोप्या कुठायत?"

"टेम्पोत, साहेब," धावत आलेले मुकादम म्हणाले. "अगदी कोऱ्या आहेत."

"कोऱ्या?" साहेब ओरडले. "आत्ता मेलो असतो मी! आज मी, उद्या तू!"

साहेब उतरले होते,
मुकादम बोलला,
दोरी सुटली,
टोप्या लागल्या,
झेंडा हलला,
ट्रक हळू झाला.

ओळीनं लाल लाल टोप्या. थेट वळणाच्या खूप अलीकडून. त्यांच्या आत भीमण्णा, लंगडत का होईना, पण उभे. फड फड फड! ट्रक आला, हळू झाला. जीप आली, हळू झाली. बस आली, हळू झाली. टोप्या पार मळून गेल्या. कुणी काही बोललं नाही.

टिटवी दोन अंड्यांवर बसून राहिली. आज बसली, उद्या बसली, परवा बसली.

मग एका सकाळी, टिक्. टिक्.

चार घातली होती. दोन आली. कापसाची बोंडं जशी, आणि पाय काड्यांएवढे.

टिटवी त्यांना घेऊन पाण्याकडं निघाली. पाणी रस्त्याच्या पलीकडं. भीमण्णांनी झेंडा आडवा धरला. शिरपतदादांनी ट्रक थांबवला, इंजिनही बंद केलं.

"जा बाई," ते हळूच म्हणाले. "सावकाश जा."

पुढं टिटवी, मागं एक पिल्लू, त्याच्या मागं दुसरं पिल्लू. तुरुतुरु तुरुतुरु. टिटवीनं एकदा मागं वळून खडीकडं बघितलं. मग पुढं चालू लागली.

आणि गोष्ट? गोष्टही वळणावर आली, हळू झाली, थांबली.