नऊ ओढ्यांचं बेट

खूप वर्षांमागे, जेव्हा वाट विचारायला माणसं एकमेकांच्या दारात थांबत असत, तेव्हा भर समुद्रात एक बेट होतं. मधोमध उंच डोंगर आणि त्याच्या अंगावरून चहूकडे उतरणारे नऊ ओढे. ओढे नऊ म्हणून परगणेही नऊ. यामागे राजाचं डोकं नव्हतं, की कुठल्या शास्त्र्याचं गणित नव्हतं. पहिली माणसं होड्यांतून आली, तेव्हा ज्या होडीला ज्या ओढ्याचं तोंड सापडलं तिथे ती लागली. माणसं ओढ्याच्या काठाकाठाने वर सरकत गेली. मग एका ओढ्याचं पाणी पिणारे सगळे एका परगण्याचे झाले.

परगण्यांच्या हद्दी डोंगराच्या सोंडांवरून जात. तिथे एखाद्या फणसावरून भांडण निघालं, तर म्हातारी माणसं झाडाच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतत. पाणी ज्या अंगाला वाहील, त्या परगण्याचा फणस. पुढे एका राजाने प्रत्येक परगण्यावर एकेक कारभारी नेमला, पण हद्दींना त्यानेही हात लावला नाही.

या नऊ ओढ्यांपैकी एकाचं नाव केवडी. केवडीच्या उजव्या काठावरच्या गावात हरबाजी जन्मला आणि त्याची थोरली बहीण आवडाक्का समोरच्या डाव्या काठावर दिली. सासर इतकं जवळ, की आईने अळूची पातळ भाजी केली तर ती ओढा ओलांडेपर्यंत गरमच राही.

पाऊस सरला, ओढा रोडावला की केवडीवर बांधाचा दिवस येई. दोन्ही काठांची माणसं सकाळीच पाण्यात उतरत. पुरुष दगड रचत, बायका फटींत पाला आणि चिखल भरत आणि मुलांना चिखल तुडवायला सोडत. एरवी चिखलात खेळलं म्हणून मार खाणाऱ्या मुलांना त्या दिवशी शाबासकी मिळे! उन्हं उतरेपर्यंत बांध पुरा होई. पाणी तुंबून दोन्ही काठांच्या पाटांत चढे आणि थेट केळीच्या बागांत जाई. मग उकडलेली रताळी आणि माशाचं कालवण. इकडचं कोण आणि तिकडचं कोण, हे त्या पंगतीत कोणालाच सांगता आलं नसतं.

हरबाजी मोठा झाला. त्याचा हात सुबक होता, म्हणून तो राजधानीत नकाशे काढू लागला आणि बघता बघता दरबाराचा मुख्य नकाशेकार झाला. पुढे नवा राजा गादीवर आला. तो वाईट नव्हता, पण त्याला नीटनेटकेपणाची भारी हौस.

तो म्हणाला, "हरबाजी, आपल्या बेटाचा असा नकाशा काढा, की परक्या पाहुण्यालाही एका नजरेत कळावं, कुठला परगणा कुठे संपतो. दसऱ्याला तो दरबारात लागला पाहिजे."

दसरा चार महिन्यांवर होता. खऱ्या हद्दी काढायच्या, तर नऊच्या नऊ सोंडा चढायला हव्या होत्या. तिथे रान, काटे आणि जळवा. हरबाजीचं पोट सुटलं होतं, गुडघे कुरकुरत होते. त्याने जुना नकाशा पुढे ओढला. त्यावर नऊ ओढे कसे ठसठशीत दिसत होते! हद्दीला याहून स्वच्छ रेघ कुठली? त्याने लेखणी उचलली आणि नऊ ओढ्यांच्याच नऊ हद्दी केल्या. परगणे पुन्हा नऊच झाले. फरक इतकाच, की आजवर जे परगण्याच्या पोटात होतं ते आता कडेला आलं. केवडीचा उजवा काठ एका परगण्यात गेला, डावा दुसऱ्यात. राजा खूश झाला. त्याने नकाशावर शिक्का उठवला, त्याच हद्दी लागू केल्या आणि भर दरबारात हरबाजीला शाल दिली.

सात वर्षं गेली. एका मार्गशीर्षात हरबाजीला गावाची फार आठवण आली. बांधाच्या दिवसाला जावं, अक्काला भेटावं, पुन्हा एकदा त्या पंगतीत बसावं, या ओढीने तो निघाला.

केवडीवर आला आणि बघतच राहिला. उजव्या काठावरून एक बांध निघाला होता आणि ओढ्याच्या बरोबर मध्यावर थांबला होता. साठ पावलं खाली डाव्या काठावरून दुसरा निघाला होता, तोही मध्यावर थांबला होता. पाणी पहिल्याला डावीकडून वळसा घाली, दुसऱ्याला उजवीकडून, आणि खुशाल समुद्राला जाई. पाट कोरडे पडले होते.

उजव्या काठाचा कारभारी तिथेच उभा होता. तो राजधानीकडचा, हरबाजीला ओळखत नव्हता.

"बांध अर्धाच का सोडलात?" हरबाजीने विचारलं.

"अर्धा कसला? पुरा झालाय," कारभारी म्हणाला. "आमची हद्द ओढ्याच्या मध्यापर्यंत. पलीकडे एक दगड टाकायचा तर राजाचा परवाना लागतो."

"आणि पलीकडचे?"

"ते त्यांचा बांध त्यांच्या दिवशी, त्यांच्या जागी घालतात. आम्ही का विचारावं?"

"पण पाणी तर अडत नाही!"

"पाण्याचं पाणी जाणे. नकाशात चूक नाही. खुद्द हरबाजींनी काढलाय तो."

हरबाजीला तोंड लपवावंसं वाटलं. ओढा ओलांडून तो अक्काच्या घरी गेला. बागेतल्या केळी माना टाकून उभ्या होत्या. ओटीवर गाठोडी बांधून ठेवलेली होती.

"ये हरबा," आवडाक्का म्हणाली. "बरा आलास. आणखी चार दिवसांनी आला असतास, तर कुलूप भेटलं असतं."

"कुठे निघालीस?"

"पोरं म्हणतात, समुद्रापलीकडच्या मुलखात जाऊ. पाणी नाही तिथे केळी कशी धरायची? तीन वर्षं घागरींनी शिंपली रे. आता कंबर राहिली नाही."

"अक्का, ती रेघ मीच ओढली."

"ठाऊक आहे मला." तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "मला वाटलं, माझ्या भावाने काढलाय म्हणजे विचार करून काढला असेल. म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले."

तिने चार शिव्या दिल्या असत्या, तरी हरबाजीला इतकं लागलं नसतं.

"थांब थोडी. मी राजाकडे जातो," तो म्हणाला. अक्काने गाठोड्याची गाठ आवळली.

भर दरबारात त्याने शाल राजाच्या पायाशी ठेवली. "महाराज, नकाशा चुकलाय. ओढ्याभोवती माणसं जमली होती, मी तिथूनच ती तोडली. सोंडा चढायचा कंटाळा आला होता, दुसरं कारण नाही."

राजा म्हणाला, "घाई मीही केली. पण आता अंदाजाने रेघ नको. तुम्ही स्वतः सोंडा चढा, हद्द डोळ्यांनी बघा. त्याशिवाय मी शिक्का उठवणार नाही."

जे काम एका पावसाळ्यात टाळलं, त्याला आता दोन वर्षं लागली. साठीचा हरबाजी काठी टेकत सोंडा चढला. वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्याला जुन्या खुणा विचारायचा. कित्येक खुणा सांगणारी माणसंच उरली नव्हती. अखेर नवा नकाशा झाला, शिक्का उठला आणि तिसऱ्या मार्गशीर्षात केवडीवर दोन्ही काठांची माणसं एकत्र उतरली. आधी जरा बुजली. एकमेकांच्या मुलांची नावं विचारावी लागली. पण संध्याकाळी बांध पुरा झाला आणि पाणी पाटांत चढलं.

हरबाजी पाण्याबरोबर पाटाच्या कडेने चालत अक्काच्या बागेपर्यंत आला. दाराला कुलूप होतं. बागेत केळीचे वाळके खुंट होते. पाणी त्यांच्या मुळांशी जाऊन थांबलं आणि तो तिथेच बसून रडला.

त्याने जाणाऱ्या पहिल्या होडीबरोबर निरोप धाडला, "अक्का, पाणी आलं. परत ये."

महिन्याने उत्तर आलं, "ऐकून बरं वाटलं. पण आता नातवंडं इथली झाली रे. बाग शेजारणीला दे, तिला लेकरं आहेत. आणि हरबा, माझ्यासाठी झुरू नकोस."

हरबाजीने बाग शेजारणीला दिली. दर वर्षी ती पहिला घड त्याच्या घरी आणून देई आणि दर वर्षी तो घड त्याला जड जाई.

म्हणून मुलांनो, आणि तुमच्याहून मोठ्यांनोही, बसल्या जागी सोपी रेघ ओढण्याआधी ती कोणाच्या घरामधून जाते ते स्वतः जाऊन पाहावं. कारण रेघ पुसता येते, पण तिने दूर लोटलेली माणसं परत येतीलच असं नाही.